सुकतीचं पाणी

कुंडवाडीत पाणी भरायचं ते चढत्या पाण्यावर. खाडीत नांगरलेल्या होड्यांनी समुद्राकडे तोंडं फिरवली की बायका ओळखायच्या, भरती लागली. मग घागरी काखेला मारून विहिरीची वाट. विहीर गोड्या पाण्याची, टेकडीच्या पायथ्याची. तिला भरतीशी काय देणंघेणं, असं विचारणारं माणूस त्या गावात जन्माला आलं नव्हतं. आणि सुकती लागली, म्हणजे पाणी माघारी फिरलं, की घराघरांत घागरी पालथ्या. सुकतीवर भरलेलं भांडं घरातलं माणूस ओढून नेतं, ही समजूत आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेली. सुकतीवर भरायची घागर एकच, मढ्याच्या आंघोळीची. माणूस गेलं की त्याच्या अंगावर पहिली घागर समुद्राची पडायची, तीही उतरत्या पाण्याची. जाणाऱ्याने जाणाऱ्या पाण्याबरोबर जावं, मागे वळून बघू नये. त्यावर गोडं पाणी, आणि मग तिरडी.

ठमाबाई ह्या गावची सून. माहेर उत्तरेला उरणच्या बाजूचं, मिठागरातलं. सासरही मिठागरातलंच. नवरा मिठाच्या गोणी वाहता वाहता एका उन्हाळ्यात बांधावर बसला तो उठलाच नाही. मागे एक मुलगा, चंदर. तो मिठागरात फावडं धरण्याएवढा होईपर्यंत बाईने न्हाणपुळणीवर पाणी घालून घर चालवलं, आणि तो कमवायला लागल्यावरही ते काम सोडलं नाही.

न्हाणपुळण म्हणजे कुंडेश्वराच्या देवळाखालची वाळू. दोन्ही अंगांना काळे खडक, मध्ये पुळण, आणि एका कडेला खाडीचं मुख. सोमवती अमावास्येला पंचक्रोशीतली, पार डोंगराआडच्या तळे गावाकडची भातशेतीतली माणसं इथं समुद्रस्नानाला यायची. आदल्या दिवशी मुक्कामाला, आणि पहाटे फटफटायच्या आत पाण्यात. तीन बुड्या, एक घोट पोटात, मग अंगावरचं मीठ धुवायला गोड्या पाण्याचा तांब्या. पुरुषांची बाजू मोकळ्या पुळणीवर, बायकांची खाडीच्या अंगाला, खडकाआड. त्या वाटेवर, वर पुळणीच्या वेगळ्या विहिरीपाशी हंडे भरून ठमाबाई बसायची आणि न्हाऊन आलेल्या बायकांच्या डोक्यावर तांब्या ओतायची. कुणी मूठभर तांदूळ द्यायचं, कुणी खोबऱ्याची वाटी, कुणी नुसताच आशीर्वाद.

"आशीर्वाद ठेव तुज्यापाशी," ठमाबाई म्हणायची, "माज्या चुलीला तो पेटत न्हाय."

बाईचं बोलणं माहेरच्या मिठासारखं. पण हात मऊ होता. थंडीने कुडकुडणाऱ्या म्हातारीच्या पाठीवर ती आधी आपला तळवा घासायची, मग पाणी घालायची.

एकोणीसशे वीसच्या पुढेमागे एका यात्रेनंतर भागात वाखा आला. वाखा म्हणजे पटकी. सकाळी भात जेवलेला माणूस दिवेलागणीला पांढऱ्या पाण्याचे जुलाब होऊन डोळे खोल गेलेला. त्या साथीनंतर आरोग्यखात्याने यात्रेच्या जागांचं पाणी तपासायचं ठरवलं, विहिरींचं आणि न्हाण्याच्या जागेचंही. कुंडवाडी ज्याच्या वाट्याला आली तो इन्स्पेक्टर चौबळ. तरुण, काळी टोपी, कोट कायम गुंड्या लावलेला. माणूस तळे गावचा, डोंगराआडचा. समुद्र त्याने नोकरी लागल्यावर पाहिला. पण कामाला चोख आणि बोलायला सरळ. तो ठमाबाईच्या ओट्यावर आला आणि काचेची बाटली पुढे ठेवून म्हणाला, "ठमाबाई, बायकांच्या बाजूचं पाणी तू भरून द्यायचं."

"बाटलीत? समुद्र मावंल काय एवढ्यात?"

"नमुना मावेल. पाण्यात काय असतं ते डोळ्यांना दिसत नाही. मुंबईला नेऊन काचेखाली बघावं लागतं."

"मंग आमचे डोले काय नुसते म्हावरं निवडायला?"

चौबळ हसला. "माझा शिपाई भरेल, पण तो बायकांच्या बाजूला दिसला तर गाव त्याचे पाय मोडेल."

"पाय ठेवतील वं साहेब. बाकीचं मोडतील."

मग त्याने शिकवलं. बाटली उकळून, कागदात गुंडाळून आणलेली. बूच काढलं की ते हातातच धरायचं, वाळूवर टेकवायचं नाही. बाटली बुडाकडून धरायची, तोंड खाली करून कोपरापर्यंत पाण्यात घालायची, आत गेल्यावर उलटवायची. आणि बूच काढल्यापासून परत बसेपर्यंत बोलायचं नाही, तोंडातलं बाटलीत उडतं. हे शेवटचं ठमाबाईला सगळ्यात जड गेलं. भागुबाई, तिची शेजारीण, कुडापलीकडून ऐकत होती. ती म्हणाली, "साहेब, अशा दोन बाटल्या हिच्या घरात ठेवा. चंदर तुमचं नाव काढील."

अमावास्येच्या आधी निकाल हवा म्हणून बाटली वद्य एकादशीला भरायची. कोंडाजी गाडीवान भुसा आणि बर्फ घातलेली पेटी घेऊन यायचा, बाटली पेटीत बसायची, गाडी रेवसला आणि तिथून संध्याकाळच्या लाँचने मुंबई. पाणी वाईट निघालं तर चौबळ पुळणीवर लाल बावटा रोवणार, स्नान बंद. चांगलं निघालं तर पांढरा.

चौबळने सगळं सांगितलं, एक सोडून. बाटली भरतीला भरायची की सुकतीला, हे त्याला सुचलंच नाही. डोंगरातल्या माणसाला पाणी म्हणजे पाणी. आणि ठमाबाईनेही विचारलं नाही, कारण भांडं भरायला तिच्या लेखी एकच वेळ होती. एकादशीला सकाळी भरती चढायची. खडकांवरची कालवं बुडाली, लाटा खाडीच्या मुखात शिरू लागल्या की ती गुडघाभर पाण्यात उतरायची, ओठ घट्ट मिटायची, बाटली भरायची.

निकाल चांगला आला. पुढच्या खेपेला चांगला, त्याच्या पुढच्याही. पुळणीवर पांढरा बावटा फडफडायचा आणि ठमाबाई न्हाऊन आलेल्या बायकांना सांगायची, "न्हा गो बिनघोर. पानी पास झालंय, मुंबैला जाऊन आलंय."

दरम्यान कुण्या मुंबईच्या शेटजींनी देवळामागे धर्मशाळा बांधली. चिरेबंदी, कौलारू, यात्रेकरूंना पाय पसरायला जागा. मागे पक्के संडास, आणि त्यांची मोरी भाजक्या नळाने पऱ्यात, म्हणजे शेजारच्या ओहोळात, सोडलेली. पऱ्या खाडीत, खाडी समुद्रात. गाव म्हणालं, समुद्राचं पोट मोठं आहे.

चंदरचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. त्याची बायको कृष्णाबाई तोंडाने गरीब, हाताने चपळ. सासूच्या तोंडाला ती हसून उत्तर द्यायची, त्यामुळे दोघींचं जमायचं. तिने कुंडेश्वराला नवस केला, मूल झालं तर सोमवतीला तुझ्या पाण्यात बुडवून काढीन. मुलगी झाली, काशी. पहिली सोमवती आली तेव्हा काशीला खोकला होता. ठमाबाई म्हणाली, "तू न्हाऊन ये, पोरीला पुढल्या खेपेला." कृष्णाबाई पहाटे खडकाआड उतरली. एक घोट आपला आणि एक लेकीच्या नावाचा, असे दोन घोट घेऊन आली. ठमाबाईने तिच्या डोक्यावर गोडं पाणी घातलं. वर पांढरा बावटा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कृष्णाबाईला पहिली ओकारी झाली. रात्र सरेस्तोवर तिच्या अंगातलं पाणी सरलं. बुधवारी कोंबडा आरवला तेव्हा ती गेली.

वाख्याचं मढं. शेजारपाजार कुडापर्यंत आला, आत कुणी आलं नाही. "मी आले असते गो ठमाबाय," भागुबाई कुडाच्या पलीकडून रडत म्हणाली, "पन माज्या घरात लेकरं हायेत." चंदर भिंतीला टेकून बसलेला, मांडीवर पोर. समुद्राची घागर आणायला ठमाबाईच उठली.

उन्हं वर आली होती, सुकती तळाला चालली होती. बायकांच्या बाजूला पाणी आटून खडकांमध्ये एक लांब चर उरली होती, मांडीभर पाण्याची. जन्मात सुकतीवर घागर भरायची वेळ तिच्यावर एकदाच आली होती, नवरा गेला तेव्हा. धर्मशाळा तेव्हा नव्हती. ती वाकली आणि घागर बुडवली. घागर तोंडाशी आली तसा वास नाकात भरला.

तिने पाणी ओतून दिलं, दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा भरली. तोच वास. पाण्यावर एक तेलकट तवंग, चघळून टाकलेल्या दातवणाच्या काड्या, विटलेला झेंडू, आणि घागरीच्या काठाला चिकटलेली माणसाची घाण. त्यात न ओळखण्यासारखं काही नव्हतं. तिने मान वर केली. पाणी खाडीच्या मुखातून येत होतं, खडकाला धरून, सरळ ह्या चरीत, आणि चरीतून पुढे पुरुषांच्या बाजूला. भरतीला समुद्र ती घाण खाडीत आत कोंडून ठेवत होता आणि सुकतीला खाडी ती इथे आणून ओकत होती. समोर धर्मशाळेच्या कौलांवर धूर निघत होता. मागे राहिलेले यात्रेकरू चहा करत होते.

अमावास्येला भरती ऊन डोक्यावर आल्यावर. पहाटे पाणी उतरून गेलेलं असतं, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. म्हणजे पहाटेचं स्नान दरवेळी ह्याच पाण्यात. अंधार, गर्दी, ढवळलेली वाळू, कुणाला कळणार? ती स्वतः तर वर विहिरीपाशी हंडे घेऊन बसलेली. गाव जिवंतपणी मढ्याच्या पाण्यात न्हात होतं, आणि तिची बाटली मुंबईला जात होती ती दुसऱ्याच पाण्याने भरून.

ती तिथेच खडकावर बसली. मग घागर वाळूने घासली, वर विहिरीवर जाऊन गोड्या पाण्याने भरली आणि घरी आली.

"समुद्राची घागर घातलीस?" भागुबाईने कुडापलीकडून विचारलं.

"घातली," ठमाबाई म्हणाली. ज्या पाण्याने सून नेली ते तिच्या अंगावर परत घालायला तिचा हात धजला नव्हता.

त्या खेपेला आसपासच्या गावांतही माणसं गेली. चौबळ आला, माणसं घेऊन वाडीवाडी हिंडला, चुना टाकला, विहिरींत लाल औषध सोडलं. समुद्राचं पाणी तर चांगलं आलं होतं. मग दोष राहिला विहिरीचा, पुळणीवरच्या, जिचं पाणी न्हाऊन आलेल्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर पडलं होतं. त्याने तिच्यावर फळ्या ठोकल्या. ठमाबाई सुतकात होती. तो दारात आला नाही, ती बाहेर गेली नाही. तिच्याच बाटलीने तिच्या विहिरीविरुद्ध साक्ष दिली. पाणवठ्यावर बाया बोलायच्या ते तिच्या कानावर यायचं, "ठमीच्या तांब्यानं मारलं. सून बी सोडली न्हाय."

ती गप्प राहिली. सांगणार काय? की मी सुकतीचं पाणी हुंगून आले आणि सुनेला समुद्राविना लावून दिली?

पुढची सोमवती आली. चंदर म्हणाला, "तिचा नवस ऱ्हायलाय. काशीला ह्या खेपेला बुडवनार." काशी आता बसायला लागली होती. हाताला लागेल ते तोंडात घालायची.

एकादशीला सकाळी कोंडाजी पेटी घेऊन आला. चौबळ दुसऱ्या जत्रेच्या बंदोबस्तात अडकलेला. एकटा कोंडाजी आणि बैल. ठमाबाई बाटली घेऊन पुळणीवर जाऊन बसली. पाणी चढलं, खडक बुडाले. ती हलली नाही. पाणी थांबलं. ती हलली नाही.

"ठमाबाय, बर्फ पघळतोय गो," कोंडाजी वरून ओरडला. "भर नि दे."

"दुपारी भरनार."

"दुपारी सुकती हाय."

"ठावं हाय."

कोंडाजी खाली आला. टोपी काढून हातात धरली. "कोन गेलं काय?"

"अजून न्हाय."

कोंडाजीने तिच्या हातातल्या बाटलीकडे बघितलं. ती म्हणाली, "तू भरतोस काय? तुज्या हातानं?"

"मना पोरं हायेत बाय," कोंडाजी दोन पावलं मागे सरला. "मी आपला बैल हाकतो."

ठमाबाईला ती समजूत खोटी वाटू लागली होती असं कुणी समजू नये. तिचा पुरता विश्वास होता. सुकतीवर भरलं तर घरातलं माणूस जाणार, आणि घरात तिघंच होती. न भरावी तर सोमवारी पहाटे चंदर पोरीला ह्याच पाण्यात बुडवणार, आणि पोरगी तोंड उघडं टाकून हसणार. दोन्हीकडून काशीच. ती पाण्याशी बोलली. "न्यायचं तर म्हातारं ने. चिवट हाय, पन तुजं पोट भरंल."

पाणी फिरलं. होड्यांनी खाडीच्या आत तोंडं वळवली. चर उघडी पडायला लागली, आणि ठमाबाई लुगडं खोचून उठली. कालवं काढायला आलेल्या भागुबाईने तिला बाटली घेऊन सुकतीत उतरताना पाहिलं, आणि हातातली कोयती टाकून ती ओरडत मिठागराकडे पळाली.

चंदर आला तो गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. मागून धापा टाकत भागुबाई, तिच्या कडेवर काशी.

"आये! खुली झालीस काय? कोनासाठी भरतेस?"

"काशीसाठी."

भागुबाईने तोंडावर हात मारून घेतला. सुकतीचं पाणी अमक्यासाठी, हे शब्द त्या गावात मढ्याखेरीज कुणी कुणाबद्दल काढत नसे.

"सोमवारी तू हिला ह्या पान्यात बुडवनार," ठमाबाई म्हणाली. "मंग ते कसं हाय ते बघू नको?"

"बघायचं तर सकाली बघ. चढत्याला. दर साली बघतेस तसं."

"दर साली बघलं. आनि कृष्णा गेली."

"ती देवाच्या कोपानं गेली."

"देवाच्या कोपाला गुवाचा वास मारत न्हाय रं! वाक. वाक नि हुंग."

चंदर वाकला नाही. तो पाण्यात उतरला आणि त्याने तिचं मनगट धरलं. "एक दिलीय मी ह्या पान्याला. दुसरी न्हाय देनार. टाक ती बाटली."

ठमाबाईने दुसऱ्या हाताने बूच काढलं.

बूच काढलं की बोलायचं नाही. तिने ओठ मिटले. चंदर ओरडत होता, भागुबाई रडत होती, काशी दोघांचं बघून रडत होती. म्हातारी लेकाकडे नुसती बघत राहिली. आईशी भांडता येतं. न बोलणाऱ्या आईचं काय करायचं ते चंदरला कळेना. त्याची पकड सैल झाली. तिने बाटली बुडाकडून धरली, तोंड खाली करून कोपरापर्यंत घातली, आत उलटवली. बुडबुडे आले. बाटली भरली. बूच बसलं.

"आता बोल," ती म्हणाली.

चंदरने पाठ फिरवली. भागुबाईच्या कडेवरून पोर घेऊन तो वर निघून गेला. कोंडाजीने पेटीचं झाकण लांबून काठीने उघडलं. "तूच ठेव आत," तो म्हणाला.

रविवारी दुपारी चौबळ स्वतः आला. कोटाच्या गुंड्या उघड्या, खाकेत लाल बावटा. तो सरळ ठमाबाईच्या ओट्यावर आला.

"तपासणाऱ्याला वाटलं बाटली चुकून मोरीत भरली. ह्या खेपेला काय केलंस, ठमाबाई?"

"सुकतीवर भरली."

"आणि आजवर?"

"चढत्यावर."

चौबळ ओट्यावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला सांगितलं नाहीस."

"तुमी इचारलं न्हाय. आनि सांगायचं काय त्यात साहेब? भाकर तव्यावर भाजते, हे कोन कोनाला सांगतं?"

"मी विचारायला हवं होतं."

"मी हुंगाय हवं होतं," ठमाबाई म्हणाली.

विहिरीवरच्या फळ्या चौबळने त्याच दिवशी काढवल्या. फळ्या निघाल्या, बायांच्या मनातलं निघालं नाही. तशात ज्या हाताने सुकतीचं भांडं भरलं त्या हातचं पाणी पुन्हा कोण डोक्यावर घेणार?

पहाटे पुळणीवर लाल बावटा आणि पोलीसपाटील. यात्रेकरू चिडले. कुणी म्हणालं, सरकार देवाच्या आड येतंय; कुणी म्हणालं, आम्ही एवढा डोंगर उतरून आलो ते काय वाळू बघायला? देवळाचा बाबाजी गुरव शहाणा माणूस. चौबळने त्याला आदल्या संध्याकाळी चरीपाशी नेऊन उभं केलं होतं आणि त्याने उपरण्याने नाक धरलं होतं. तो पायरीवर उभा राहून म्हणाला, "अमावास्या दिवसभर हाय. पानी चढंल तेव्हा देव वर येतो, आपन देवाला भेटायचं का त्याच्या पाठीला?" हे त्याला कुठल्या पोथीत मिळालं ते त्यालाच ठाऊक. काही माणसं शिव्या घालत परत गेली. बाकीची ऊन डोक्यावर येईस्तोवर थांबली. तोवर बाहेरचा समुद्र खाडीत घुसला होता, चर दिसेनाशी झाली होती, आणि लाटा हिरव्या स्वच्छ येत होत्या.

चंदरने काशीला तेव्हा बुडवली. पोर ओरडली, नाकातून पाणी आलं, मग हसली. ठमाबाई वर हंड्यापाशी तांब्या भरून उभी होती. चंदर पोरीला घेऊन तिच्या समोरून गेला आणि स्वतः विहिरीतून पोहरा काढून पोरीला धुतलं.

धर्मशाळेची मोरी पऱ्यातून काढून मागच्या माडाच्या वाडीत खोल खड्ड्यात सोडायला एक पावसाळा जावा लागला. कागद कुठेकुठे फिरले ते चौबळ जाणे. तोवर आणि त्यानंतरही दर सोमवतीच्या एकादशीला कोंडाजीची गाडी यायची, आता पेटीत दोन बाटल्या. एक चढत्याची, एक सुकतीची. दोन्ही ठमाबाई भरायची. सुकतीची भरताना पुळणीवर चिटपाखरू नसायचं. गाव तेवढा वेळ दारं लावून बसायचं. पाणी हळूहळू सुधारलं. लाल बावटा आणखी काही वेळा लागला, मग गुंडाळून देवळाच्या आढ्यात खोचला गेला. कुंडेश्वराच्या यात्रेतून वाखा घेऊन कुणी घरी गेल्याचं मग ऐकू आलं नाही. त्याचं श्रेय गावाने देवाला दिलं, आणि दुपारच्या स्नानाला.

त्या पहिल्या सुकतीच्या बाटलीनंतर काही आठवड्यांत काशीला गोवर निघाला. अंग तव्यासारखं. चंदर चार रात्री तिच्या उशाशी बसला आणि पाचव्या सकाळी त्याने आईची घागर उचलून पडवीच्या कोपऱ्यात ठेवली. "तुजं पानी तू वेगलं पी," एवढंच म्हणाला. पोरीचा ताप उतरला. घागर परत आत गेली नाही. ठमाबाई त्या घरात जेवली, झोपली, नातीला न्हाऊमाखू घातलं, सारवलं, कांडलं. पाणी मात्र वेगळ्या घागरीचं प्यायली, शेवटपर्यंत. भागुबाईने एकदा चंदरला टोकलं, "अरे, पोर जित्ती हाय ना? मंग?"

"म्हनूनच," चंदर म्हणाला. "एकदा घास चुकलाय त्या पान्याचा. दुसऱ्यांदा कशाला वास दावू?"

ठमाबाई ऐकत होती. ती काही बोलली नाही. बूच काढल्यासारखी.

छत्तीस-सदतीस सालच्या हिवाळ्यात ती गेली. खोकला होता, छातीत पाणी झालं होतं. गेली ती भर भरतीवर, म्हणजे सुकती लागेपर्यंत सगळ्यांना थांबणं आलं. चंदर पडवीत बसून राहिला. भागुबाईला आता एका डोळ्याने दिसत नव्हतं, पण होड्या कुठल्या तोंडाने उभ्या आहेत ते तिला अंगणातून कळायचं.

"ऊठ रं," ती म्हणाली, "पानी फिरलं."

बायकांच्या बाजूला चंदरने त्या दुपारनंतर पाऊल टाकलं नव्हतं. चर तशीच होती, मांडीभर पाण्याची, खाडीकडून वाहत येणारी. त्याने घागर बुडवली, भरून वर घेतली आणि चालायला लागला. चार पावलांवर थांबला. वाटेत कुणी नाही असं बघून त्याने घागर खडकावर टेकली आणि आत डोकावला. तळाशी वाळूचे दोन-तीन कण, त्यांच्यावर ऊन पडलेलं. तो वाकला, जसा त्या दिवशी वाकला नव्हता. हुंगलं. मग ओंजळभर घेऊन तोंडात घातलं. खारट होतं, दुसरं काही नव्हतं.

घरी आला तेव्हा म्हातारीला अंगणात पाटावर बसवलं होतं. काशी तिची पाठ धरून होती. भागुबाईने घागर आपल्याकडे ओढली, काठावर तोंड नेलं आणि एक लांब श्वास घेतला.

"वास न्हाय गो ठमाबाय," ती मढ्याला म्हणाली. "नुसता समुद्र हाय."

चंदरने घागर तिरपी केली.